उजव्या गुडघ्याचे प्रकरण

भोपाळच्या तुलसी नगरातील आमच्या सरकारी वसाहतीस तेथील घरांच्या संख्येवरून जुनी माणसे अद्याप ‘बारह सौ पचास’ म्हणतात, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयासही तोच 1250 चा आकडा कायमचा चिकटलेला असल्यामुळे, रिक्षावाल्यास नुसता आकडा सांगितला की तो उतारूचा चेहरा निरखून घर की दवाखाना याचा फैसला स्वतःच करतो. गेल्या पौषात माझा उजवा गुडघा धरला, तेव्हापासून मला तो बिनदिक्कत दवाखान्याच्या फाटकाशी उतरवू लागला. मी तेथून लंगडत घरी येत असे. कारण रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले, तरी दुखण्याचा पहिला दावा घरगुती कचेरीतच गुदरावा, असा आमच्याकडील रिवाज आहे.

या कचेरीचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात येऊन भोपाळ त्याची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून, तसेच हिवाळ्यात ग्वाल्हेरीस व उन्हाळ्यात इंदुरास भरणाऱ्या मध्य भारताच्या दफ्तरांतून, मराठी कारकून आपापल्या ट्रंका, पितळी घंगाळी आणि तेलाच्या बाटल्या घेऊन येथे दाखल झाले. त्यांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्यांचे एकीकरण यथावकाश झाले, परंतु तेलांचे एकीकरण आजतागायत झालेले नाही. वरच्या मजल्यावरील काकू नागपूरकडच्या. सांध्यांवर मोहाच्या टोळीच्या तेलाखेरीज अन्य स्निग्ध द्रव्य त्यांना मंजूर नाही. समोरच्या आत्याबाई ग्वाल्हेरच्या. त्या मोहरीच्या तेलात लसूण, ओवा आणि मेथी काळी ठिक्कर पडेपर्यंत कढवितात. “काही नाही होत जी भाऊ, लावून तर पाहा,” असे म्हणत काकूंनी थंडीने थिजलेले आपले तेल शेगडीवर पातळ करून दिले, ते मी सकाळी चोळी, आत्याबाईंचे सायंकाळी. दोन्ही पक्षांस न्याय मिळाल्याचे समाधान मला लाभले, परंतु दफ्तरातील माझ्या शेजाऱ्याने आठवडाभर रोज, डब्यात आज कोणती भाजी आहे, अशी पृच्छा केली.

गुण आला, हे कबूल केले पाहिजे. चोळण्याचा व स्पर्शाचा संदेश पाठीच्या कण्यातच वेदनेची वाट अडवितो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडला. म्हणजे श्रेय तेलाचे की चोळण्याचे, हा वाद निर्माण होण्यास आधार आहे. तो मी वसाहतीत मांडला नाही. मला तेथेच राहावयाचे आहे.

मात्र दोन तेले, वर निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि त्यावर फ्लॅनेलची पट्टी, एवढ्या संयुक्त अंमलाखाली त्वचेने बंड केले. पुरळ उठले. सौ.ने अंगणातील कडुनिंबाचा पाला उकळला. (2016 साली स्मार्ट सिटीचा आराखडा प्रथम शिवाजी नगर व तुलसी नगर यांवरच उतरला होता; झाडांसाठी लोक उठले आणि आराखडा टी. टी. नगराकडे वळला. माझ्या गुडघ्याचा यात हितसंबंध होता, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते.) पाल्याच्या पाण्याने धुतल्यावर तिने हळदीचा लेप दिला, आणि तो मी दुसऱ्या दिवशी कपड्याच्या साबणाने खरडून काढला. क्षाराचा स्पर्श होताच हळद लाल होते; हळदकुंकवातील कुंकवाचा सारा परंपरागत व्यवहार या एकाच कलमावर उभा आहे; पण दोरीवर वाळत घातलेला माझा पंचा पाहून काकू व आत्याबाई प्रथमच एकत्र धावत आल्या, आणि शस्त्रक्रिया केव्हा झाली, असे विचारू लागल्या.

याच सुमारास बैतूलहून माझे मामा आले. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, दोन्ही तेले नामंजूर केली आणि खिशातून काळाभोर बिब्बा काढला. “मामा, हा उततो म्हणतात.” “अरे, आमच्याकडे बैलालासुद्धा हाच लावतात,” असे म्हणून त्यांनी तो सुईला टोचून दिव्यावर धरला आणि पाझरलेल्या रसाचे सात ठिपके गुडघ्याभोवती मांडले. आंबा आणि काजू यांचा हा सख्खा भाऊबंद. परंतु कुळातील सारा संताप याच्याच वाट्यास आलेला. तिसऱ्या दिवशी तो असा काही उतला की फोडांच्या तक्रारीपुढे सांध्याची तक्रार आपोआप तहकूब झाली. मामा विजयी मुद्रेने म्हणाले, “बघ, गुडघा दुखतोय का?” तो खरोखरच दुखत नव्हता. दुखत होते ते सभोवारचे सर्व.

पुढे एका डॉक्टरांनी बोलणी व मलम दोन्ही दिली; फोड बसले, आणि मागे राहिले सात काळे डाग. आषाढात विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून येत असता वसाहतीतील वृद्ध धोबी भेटला. ऐन उमेदीत, कपडे ओळखू यावेत म्हणून, त्याने बिब्ब्याच्याच रसाने हजारो सदऱ्यांवर खुणा घातलेल्या. तो थबकला, वाकला, डाग अंगठ्याने घासून पाहिले आणि एखाद्या नवशिक्याच्या कामाकडे पाहावे तशी मान हलवून म्हणाला, “भिलावा है ना, साहब? चूना नहीं मिलाया। मिलाते तो और पक्का बैठता।”