थंड दुकानातला गरम माल

मंडईत देठाशी हुंगल्याशिवाय आंबा न घेणारा पुणेकर तापकीर गल्लीत 70 हजारांचा लॅपटॉप मात्र रंग बघून उचलतो. एसी 20 वर, पडद्यावर नुसता डोंगराचा फोटो. एवढ्या आरामात कोण तापेल? त्यात बाहेरच्या हॉर्नपुढे पंख्याची घरघर ऐकू येणार कशी? खरं तर चार्जर लावून 15 मिनिटं जड गेम चालवावा, कीबोर्डवर तळहात टेकवावा, हवेच्या जाळीला कान लावावा. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. दुकानदार तेव्हा बिलाचा वेग वाढवतो. ‘काका, सगळेच तापतात हो!’ मग मे महिन्यात घरचा एसी लॅपटॉपसाठी लागतो आणि वीजबिल बघून काका तापतात.