पाच मिनिटांची मिसळ

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यासाची एक रीत काढली: २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं विश्रांती. टोमॅटो म्हटल्यावर टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या पिंपळगाव बसवंतच्या नाशिक जिल्ह्याने मागे का राहावं? आमच्या कॉलेज रोडच्या पोरांनी ही रीत लगेच उचलली, फक्त आकडे उलटे बसले. पाच मिनिटांच्या विश्रांतीत गंगापूर रोडला मिसळ खायची, वर रस्सा मागवायचा, मग सोमेश्वरच्या धबधब्याला पाणी आहे का ते बघून यायचं. (उन्हाळ्यात फारसं नसतं, पण खात्री केलेली बरी.) परतल्यावर मिसळीची सुस्ती येते, म्हणजे पुन्हा विश्रांती आलीच. मेंदू मात्र ताजा राहतो, अगदी न वापरल्यासारखा.

याच नाशिक शहरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दिवसभर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून रात्री पुस्तक उघडणाऱ्यांसाठीच ते आहे. त्यांना विश्रांतीचं तंत्र कुणी शिकवत नाही. पुस्तक हातात येतं, तीच त्यांची विश्रांती. परीक्षेत मध्यंतर मात्र दोघांनाही नाही.