लाईटबाई, अर्धा तास थांबता का?

सौ. लाईटबाई यांस,
मुक्काम वाड्यावरचा शेवटचा खांब, तालुका पेडणे.

स. न. वि. वि.

आपल्या जाण्यायेण्याबद्दल तक्रार करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. गोव्यात स्वतःची वीज नावापुरतीच. आपण निघता कोरब्याहून, विंध्याचलहून, रामागुंडमहून. परराज्यांतली राने तुडवता, घाट उतरता आणि आमच्या वाड्याच्या तोंडाशी माडाची एक सुकी झावळ तारेवर पडलेली पाहून बसकण मारता. एवढ्या प्रवासाने कोणीही दमेल.

पण दम नेमका विनोदाच्या वेळीच कसा लागतो? अल्फा मराठीवर 2001 साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली, तेव्हापासून आम्ही आपल्या वेळा बघत आलो आहोत. दुसऱ्या वाहिनीवर सासू सुनेच्या दुधात काही कालवत असली, की आपण लख्ख. ती सून सलग तीन वर्षे रडली, आपण एकदाही डोळे मिटले नाहीत. इकडे दिलीप प्रभावळकरांचे आबा चष्म्यावरून नातवाकडे, शिऱ्याकडे बघणार, घसा खाकरणार, तोंड उघडणार आणि गुडुप! शब्द कोरब्यालाच राहिले.

मग बहिणीला फोन. ती दिलेली डिचोली तालुक्यात, मयेला. तिथे आपण बहुधा असता. हा भेदभाव का, ते विचारत नाही.

‘‘आबा काय म्हणाले गो?’’

‘‘दादा, काय मस्त बोलले रे!’’

‘‘पण काय?’’

‘‘ते शिऱ्याला म्हणाले... थांब हां, कुकर बंद करून येते.’’

ती परत येऊन वाक्य सांगायची, पण हसू यायचे नाही. प्रभावळकरांची गंमत वाक्यापेक्षा वाक्याआधीच्या थांबण्यात असते, आणि ते फोनवरून कोण सांगणार?

आपण परत येता तोही सोहळाच. स्टॅबिलायझर टक्‌ करतो, पंखा कण्हतो, डब्यावरचा लाल दिवा हिरवा होतो. तोवर पाऊस डिशच्या छत्रीवर बसलेला असतो, म्हणून पडद्यावर ‘सिग्नल नाही’. सिग्नल मिळाला, की साबणाची जाहिरात.

शहाणे लोक सांगतात, जुने भाग आता मोबाइलवर बघा. बघितले असते. पण आपण गेलात, की डोंगरावरचा टॉवर बॅटरीवर थोडा वेळ तग धरतो आणि मग पतिव्रतेसारखा आपल्यामागून जातो.

आम्हांला विनोद नवा नाही बरे. आपला पत्ताही नव्हता तेव्हा जत्रेत गॅसबत्तीच्या उजेडात पहाटेपर्यंत दशावतार चालायचा. काळ्या वेशातला संकासूर आला, की पुढे बसलेल्या गावकऱ्यांची फिरकी घेतल्याशिवाय जायचा नाही. त्याला ना खांब लागे, ना बटण. आता जत्रेत जनरेटर असतो, म्हणून तिथे आपल्यावाचून काही अडत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या मोप्याला 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरतात. तिथला उजेड आमच्या आभाळावर रात्रभर पसरलेला असतो. बंद टीव्हीसमोर बसून तो बघायला फार छान वाटते. विकास घरबसल्या दिसतो.

लाइनमनदादावर मात्र आमचा राग नाही. तो बिचारा भर पावसात खांबावर चढतो आणि भिजत फांदी तोडतो. त्याचाही भाग बुडतोच की.

तर विनंती अशी. जायचेच असेल तर रात्री नऊच्या चर्चेला जा, तिथे सगळे एकदम ओरडत असतात, अंधारातही काही बिघडणार नाही. विधानसभेचे थेट प्रक्षेपण चालू असताना जा. क्रिकेटच्या वेळीही एकदोनदा चालेल, मुले अभ्यासाला बसतील. टिपऱ्यांसारखे काही लागले, की तेवढा अर्धा तास थांबा. बिल आम्ही मुदतीत भरतो, तेव्हा हे हक्काने मागतो आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अंधारातला एक ग्राहक