डिस्कची वाटणी, मुक्काम तोरणमाळ

नंदुरबार जिल्हा स्वतःच १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. त्यामुळे वाटणी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवायची गरज नाही. तोरणमाळच्या एका शाळेत नवा लिनक्स सर्व्हर बसवायला मी गेलो, तेव्हा डिस्कची पार्टिशनं ठरवायला मुख्याध्यापकांनी रीतसर बैठकच बोलावली. चहा आला, क्लार्क भाऊसाहेबांनी इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं आणि विषय क्रमांक एक लिहिला : जागावाटप.

खोक्यावर २ टीबी छापलेलं, स्क्रीनवर दिसत होते १.८. भाऊसाहेबांचा हात थेट पावतीकडे गेला. "बाकीचं कुठं गेलं? घाटात सांडलं का?" शहाद्याहून वर येताना सातपायरी घाट ज्यानं अनुभवलाय, त्याला ही शंका येणं गैर नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या, असं मी समजावलं. "म्हणजे माप खोटं," असं म्हणून त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग मागण्या सुरू झाल्या. शिष्यवृत्तीला वेगळा कप्पा, पोषण आहाराला वेगळा, विज्ञानाच्या मॅडमना व्हिडिओंसाठी सगळ्यात मोठा. भाऊसाहेबांचं मत, सर्वांना समान द्या म्हणजे तक्रार नको. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशनं चारच होतात, तिथं हा विषय आपोआप मिटला असता. पण हा सर्व्हर जीपीटीवाला, त्यात १२८ पर्यंत मुभा. आकडा ऐकताच सरांच्या डोळ्यांसमोर अख्खा पट उभा राहिला.

शेवटी मी मूळ मुद्द्यावर आलो. पार्टिशन मानपानासाठी नसतं, एकाचा राडा दुसऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून असतं. लॉग, डेटाबेस, मेल हे सगळं 'व्हार' या फोल्डरमध्ये साचतं. एखादी सर्व्हिस रात्री बिथरली, की तीच ती तक्रार सकाळपर्यंत लिहीत बसते. व्हार आणि रूट, म्हणजे सिस्टिमचा मूळ कप्पा, एकत्र असले, तर रूट भरतं आणि सर्व्हर आडवा होतो. वेगळे असले, तर भरतं ते व्हार. निदान आत शिरून साफसफाई तरी करता येते. "म्हणजे अर्ज करणाऱ्यांपायी ऑफिस बंद पडू नये," सर म्हणाले. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

स्वॅपवर, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर, मात्र बैठकीत कोणाचंच मत नव्हतं. मी यशवंत तलावाच्या काठी रेंज शोधत गेलो आणि मित्रांना फोन लावले. पुण्याचा म्हणाला, रॅमच्या दुप्पट, डोळे मिटून. बेंगळुरूचा म्हणाला, तो नियम रॅम मेगाबाइटांत मोजायचे त्या काळचा. सर्व्हरला हायबरनेट करायचं नसेल, तर थोडका पुरे. तेवढ्यात तलावावर ढग उतरला, रेंज गेली आणि ४ जीबीवर एकमत झालं.

हे कप्पे कोणा ऋषीनं ध्यान लावून पाडलेले नाहीत, हेही सांगायला हवं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिली डिस्क पुरेना. म्हणून सिस्टिमच्या फायली दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या 'यूएसआर' मध्ये सरकवल्या. कारण एवढंच, की जागा नव्हती. पुढच्या पिढ्यांनी त्याचं शास्त्र केलं. भाऊसाहेबांना हे फार पटलं. शाळेचं जुनं रेकॉर्डही एकदा तात्पुरतंच धान्याच्या कोठीत हलवलं होतं.

ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आपणहून पाच टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, हे ऐकून भाऊसाहेब प्रथमच हसले. "साहेबांचा कोटा! राहू द्या." सिस्टिमच्या कप्प्यात तो हवाच. पण १ टीबीच्या पुस्तकं-व्हिडिओंच्या कप्प्यात पाच टक्के म्हणजे ५० जीबी. तिथं मी तो एका टक्क्यावर आणला. इतिवृत्तात ही नोंद नाही.

खरा वाद पेटला तो शेवटी, सगळी जागा आजच वाटायची का यावर. शेताचा बांध एकदा पुढे सरकला की मागे येत नाही, तसंच एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचं : वाढवा तितकं वाढतं, कमी व्हायचं नाव घेत नाही. ईएक्सटी४ कमी करता येतं, पण कप्पा बंद ठेवून आणि देवाचं नाव घेऊन. म्हणून मी एलव्हीएम सुचवलं : प्रत्येकाला यंदाच्या गरजेपुरतं द्यायचं, बाकी जागा कोणालाच नाही, लागेल तेव्हा, सर्व्हर चालू असतानाच वाढवायचं. सर दचकले. "अखर्चित ठेवायचं? ३१ मार्चला परत जाईल की!" डिस्कला मार्च नसतो, हे पटवायला चहाची दुसरी फेरी लागली.

तेव्हा मंडळी, नवा सर्व्हर आला, तर व्हार वेगळं काढा, स्वॅप माफक ठेवा आणि पहिल्याच दिवशी सगळी जागा वाटून मोकळे होऊ नका. आणि एका डिस्कचे सहा भाग केले तरी डिस्क एकच असते. ती गेली की सहाही भाग एकदमच जातात. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती दुसऱ्या खोलीत ठेवा.