लाइन जाऊन आली तं?

मौद्याच्या बसस्टँडवर उतरून तुम्ही 'ऑटोभाऊ कुठं राहतात?' असं विचारलं, तर नवखा माणूस रिक्षाच्या थांब्याकडे बोट दाखवतो. जुना माणूस मात्र उलट तुम्हालाच विचारतो, "काहून, काय बंद पडलं?"

ऑटोभाऊंनी आयुष्यात रिक्षा चालवलेली नाही. ते कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. काही वर्षं नागपूरला मिहानमध्ये जाऊन-येऊन नोकरी केली, लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले आणि मग परत गेलेच नाहीत. आता त्यांचं ऑफिस बेंगळुरूला, सर्व्हर मुंबईला आणि भाऊ स्वतः कन्हानच्या काठी मौद्याला. नाव पडलं ते मात्र शेतातल्या मोटारीवरून. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला एक 'ऑटो' लावतात. गेलेली लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री-बेरात्री कुणाला शेतात जावं लागत नाही. शाळकरी वयात भाऊंनी हे यंत्र पाहिलं आणि तिथंच त्यांचं पुढचं आयुष्य ठरलं. पुढं त्यांनी टाकीच्या मोटारीला ऑटो लावला, कूलरच्या पंपाला लावला आणि एका गणपतीत आरासेच्या माळांनाही लावला. मध्यरात्री लाइन आल्यावर अख्ख्या घरादारासकट गणपती एकदम उजळला, आजी दचकून उठली आणि हात जोडून बसली.

'लाइन जाऊन आली तं?' हा त्यांचा लाडका प्रश्न. जगातल्या कुठल्याही योजनेला ते हा एकच प्रश्न विचारतात. मौद्याला एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, ५०० मेगावॅटचे दोन संच आणि ६६०चे दोन. पाहुणे हे ऐकतात आणि म्हणतात, "मग तुमच्याकडं लाइन जातच नसेल!" भाऊ त्यांना बसवून घेतात. वीज आधी ग्रीडमध्ये जाते, गावाची लाइन वेगळी असते, हे सगळं शांतपणे सांगतात आणि शेवटी विचारतात, "अन् समजा गेलीच. जाऊन आली तं?" पाहुणे गप्प होतात.

पुतणीच्या लग्नात हॉलवाल्यानं सांगितलं की जनरेटर आहे. भाऊंनी विचारलं, तो आपोआप सुरू होतो की कुणी करावा लागतो? हॉलवाला म्हणाला, "माणूस आहे नं." भाऊंनी त्या माणसाचं नाव, नंबर, तो जेवायला किती वाजता बसतो आणि त्या वेळी कोण असतं, ही सगळी चौकशी केली. मंगलाष्टकं चालू असताना बाकीचे वऱ्हाडी अक्षता टाकत होते आणि भाऊ जनरेटरवाल्यापाशी उभे होते. लाइन गेली नाही. भाऊंचा चेहरा जरासा उतरला होता, असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यातला नाही, पण मी तो चेहरा पाहिला होता.

आता त्यांच्या कामाविषयी. शेजारी असल्यामुळं मला ते पुष्कळदा समजावून घ्यावं लागलं आहे. त्यांच्या कंपनीत 'काफ्का' नावाची व्यवस्था आहे. गाड्या, दुकानं, ॲप असे सगळीकडून निरोप येत राहतात, काफ्का ते एकामागं एक वहीत उतरवल्यासारखे लिहून ठेवतो आणि ज्याला हवं तो आपापल्या खुणेपासून पुढं वाचतो. हा काफ्का लिंक्डइन कंपनीत जन्मला, २०११ साली सर्वांना खुला झाला. करणारे तिघं: जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे. नेहाताई पुण्यात शिकलेल्या. नागपूर जिल्ह्यातला माणूस पुण्याचं कौतुक सहसा करत नाही, म्हणून भाऊंनी त्यावर तोड काढली आहे. "नारखेडे म्हणजे मुळात आपल्या नरखेडच्याच असतीन," असं ते ठासून सांगतात. याला काडीचा पुरावा नाही. पण या तिघांनी २०१४ साली काढलेली कॉन्फ्लुएंट कंपनी २०२१च्या जूनमध्ये अमेरिकेच्या शेअरबाजारात उतरली, तेव्हा चौकातल्या टपरीवर नरखेडच्या नावानं सगळ्यांना चहा मिळाला होता.

काफ्काची बोलण्याची स्वतःची एक पद्धत आहे, ती सगळ्यांना जमत नाही. म्हणून पुढं एक प्रॉक्सी बसवतात. साध्या वेबच्या भाषेत कुणी निरोप आणला की प्रॉक्सी तो ८०८२ नंबरच्या दारावर घेतो आणि आत काफ्काला त्याच्या भाषेत देतो. भाऊ हे टपरीवर सांगत होते, तेव्हा बाकड्यावरचे एक बुजुर्ग म्हणाले, "म्हणजे सरपंचपती." भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हो. पण हा सही सोताची करत नाही." तेव्हापासून आमच्या भागात प्रॉक्सी हा विषय सगळ्यांना समजतो.

प्रॉक्सी बसवायला वेळ लागत नाही, असं भाऊच सांगतात. एका फाइलमध्ये काफ्काचा पत्ता लिहायचा, ऐकायचं दार लिहायचं, सुरू करायचं, संपलं. इथं दुसरा कुणी इंजिनिअर लॅपटॉप मिटून जेवायला गेला असता. भाऊंचं काम इथून सुरू होतं. क्लाउडमधला सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी इमारतीतलं भाड्याचं यंत्र. ते कधी देखभालीसाठी बंद होतं, कधी खर्च वाचवायला आपणच रात्री बंद करतो. सकाळी यंत्र उठतं, पण त्यावरचा प्रॉक्सी? त्याला कुणी उठवायचं?

लिनक्समध्ये हे काम सिस्टमडीकडे असतं. त्यात 'स्टार्ट' ही आज्ञा वेगळी आणि 'एनेबल' वेगळी. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. एनेबल म्हणजे यंत्र जेव्हा जेव्हा उठेल तेव्हा चालू कर. भाऊंच्या लेखी माणसांच्या दोनच जाती आहेत, स्टार्टवाले आणि एनेबलवाले. एखाद्या नव्या पोरानं नुसतं स्टार्ट करून "चालून रायलं नं सर" म्हटलं, की भाऊ त्याच्याकडे फार दुःखानं पाहतात. आणि जो 'नोहप' लावून प्रोग्रॅम मागं सोडून निघून जातो, त्याच्याबद्दल ते बोलतच नाहीत. गावातल्या एका जावयाबद्दलही ते एकदा एवढंच म्हणाले होते, "नोहप लावून गेला."

ती छोटी फाइल लिहिताना मी त्यांना पाहिलं आहे. ओळ टाइप करायची, ती मोठ्यानं वाचायची, पडद्यावर बोट ठेवायचं. 'आफ्टर' म्हणजे कुणाच्या मागून उठायचं: आधी नेटवर्क, मग आपण. 'रीस्टार्ट' म्हणजे पडला तर पुन्हा उभं करायचं. 'वॉन्टेडबाय' ही ओळ विसरली तर एनेबल करूनही उपयोग नाही. पण आफ्टरवर त्यांचा पुरता विश्वास नाही. काफ्का दुसऱ्या यंत्रावर असला तर ही ओळ त्याच्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. आणि एकाच यंत्रावर असला तरी तो उठला एवढंच सिस्टमडीला कळतं, बोलायला तयार झाला की नाही ते कळत नाही. पूर्वी तर आधी झूकीपर, मग काफ्का, मग प्रॉक्सी अशी रांगच लावावी लागायची. २०२५च्या मार्चमध्ये काफ्काची चौथी आवृत्ती आली आणि झूकीपर कायमचा गेला. भाऊंनी टपरीवर समोसे वाटले. "झूकीपर गेला!" असं ते सगळ्यांना सांगत होते आणि एक जण समोसा हातात धरून विचारत होता, "कधी वारला? दिसला नाही बा कधी."

सगळं झालं की परीक्षा. भाऊ चहा मागवतात, मांडी घालून बसतात आणि स्वतःच्या हातानं धडधाकट चालणारा सर्व्हर रीबूट करतात. एकदा याच परीक्षेत प्रॉक्सी उठला खरा, पण काफ्का सापडेना. काफ्काचं यंत्र पुरतं बंद करून चालू केलं होतं, त्यात त्याचा बाहेरचा पत्ता बदलला होता, आणि फाइलमध्ये भाऊंनी तोच लिहिला होता. आतला खाजगी पत्ता बदलत नाही, तो लिहायला हवा होता. दुसरा कुणी चडफडला असता. भाऊ खुश झाले. "पाहा! लाइन जाऊन आली म्हणून तं दिसलं!"

घरात या शास्त्राची एकच त्रुटी आहे आणि ती वहिनी दर पाहुण्याला सांगतात. भाऊ स्वतः आपोआप उठत नाहीत. तीन गजर लावलेले असतात, तिन्ही वाजतात, आणि चौथ्यांदा वहिनी येतात. "मलेच एनेबल करून ठेवलं हाय," असं म्हणून त्या पांघरूण ओढतात. भाऊ पांघरुणातूनच दुरुस्ती करतात की वहिनी या 'रीस्टार्ट' आहेत. सिस्टमडीत मात्र दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडला की पुढं प्रयत्न थांबतात, हा मूळचा नियम आहे. वहिनींना हा नियम कळल्यापासून त्या पाण्याचा तांब्या घेऊनच येतात.

भाऊंच्या या आपोआपवादाला गावात एकच विरोधक आहे, त्यांचे वडील. काकाजींनी स्वतःच्या विहिरीवरचा ऑटो कधीच काढून टाकला. महावितरण शेतकऱ्यांना कितीदा सांगत आलं आहे की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. काकाजींनी ते ऐकलं. ऐकणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक. भाऊंना ही आपल्या तत्त्वांची घरातच झालेली गद्दारी वाटायची. रोवणीच्या दिवसांत एकदा बांधीच्या धुऱ्यावर यावरून त्यांची जुंपली. मी साक्षीला होतो.

"बा, तुम्ही रात्री अंधारात मोटार लावाले जाता. साप-विंचू किती! ऑटो काहून नाही लावत?"

काकाजींनी डीपीकडं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडं, बोट दाखवलं. "समद्याइनं ऑटो लावला. लाइन आली का समद्या मोटारी एकाच टायमाले उठतात. डीपी जाते. मंग आठ दिवस बसा."

"मंग तुम्ही काय करता?"

"लाइन आली का मी बिडी पेटवतो. बिडी झाली का मोटार लावतो. बाजूचा चहा पेते, मंग लावते. त्याच्या बाजूचा बैल बांधते, मंग लावते. डीपी राहते."

भाऊ काही बोलले नाहीत. मी त्यांना वादात गप्प झालेलं त्याच दिवशी पाहिलं. घरी येऊन त्यांनी पाय धुतले नाहीत, लॅपटॉप उघडला. त्यांच्याकडे एका काफ्कासमोर प्रॉक्सीचे बरेच सर्व्हर होते आणि सगळ्यांच्या फाइली हुबेहूब एकसारख्या. देखभालीनंतर सगळे एकाच क्षणी उठायचे, एकाच क्षणी काफ्कावर जाऊन आदळायचे, एकत्र पडायचे, आणि सगळ्यांचा थांबण्याचा अवधी सारखा असल्यामुळं पुन्हा एकत्रच आदळायचे. भाऊ इतकी वर्षं याला नेटवर्कची भानगड समजत होते.

मग त्यांनी प्रत्येक फाइलीत प्रॉक्सी उठण्याआधी थोडं थांबायची ओळ घातली, प्रत्येकाला निराळा अवधी. पहिल्या सर्व्हरला आख्खी बिडी द्यायचा विचार होता. पण बिडीला तीन-चार मिनिटं लागतात आणि सुरू व्हायला दीड मिनिटापेक्षा जास्त लावणाऱ्याला सिस्टमडी मुळात मारूनच टाकते. काकाजींशी चर्चा होऊन पाव बिडी ठरली. फाइलीत जिथं टीप लिहायची सोय असते तिथं भाऊंनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'बाची बिडी, पाव'. दुसऱ्या सर्व्हरवर 'बाजूवाल्याचा चहा'. तिसऱ्यावर 'बैल बांधणे'. पुढच्या देखभालीनंतर सर्व्हर एक-एक करून उठले आणि काफ्का जागचा हलला नाही.

बेंगळुरूच्या साहेबांना ते आवडलं, पण टीप कळली नाही. त्यांनी व्हिडिओवर मीटिंग घेतली आणि हे काय लिहिलं आहे, ते कुठल्या पुस्तकातलं आहे, असं विचारलं. भाऊंनी सांगायला सुरुवात केली, अडखळले, आणि मग कॅमेरा फिरवून दारातल्या खाटेवर बसलेल्या काकाजींनाच पुढं केलं. काकाजींनी टोपी सारखी केली, साहेबांना नमस्कार केला, त्यांचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नागपुरी हिंदीत विचारलं, "वो सब ठीक है साहब, पर तुमारे यहाँ मोटर कितने एचपी की है?"

साहेबांनी माइक बंद केला आणि शेजारच्याला काहीतरी विचारलं. "पाच," असं शेवटी उत्तर आलं.

"तो फिर पाव बिडी बहुत हुई," काकाजी म्हणाले.