हरिपाठाचं घड्याळ

आमच्या फलटण तालुक्यात पाणी कालव्याला येतं आणि वीज रात्री येते. दोन्ही आपापल्या मर्जीने येतात. त्यामुळे इथला शेतकरी एकतर तापट होतो, नाहीतर माळकरी. आमचे आबा दोन्ही होते.

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, हातात खोरं. भजनाला बसले आणि हातात टाळ आले, तरी खोरं देवळाच्या भिंतीला टेकवलेलं असे. मनगटावर घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. रात्री दारं धरायला जाताना ते हरिपाठ सुरू करत आणि त्यावरच पाण्याचा हिशेब ठेवत. उसाची एक सरी भिजायला तीन अभंग. 27 अभंगांचा हरिपाठ पुरा झाला की नऊ सऱ्या, मग पुन्हा पहिल्यापासून. मध्येच लाइट गेली तर घरी येऊन, तांब्याभर पाणी पिऊन आजीला सांगत, “सतराव्याला गेली.” दुसऱ्या रात्री अठराव्यापासून पुढे. देवाचं नाव अर्धवट राहू नये म्हणून असेल, असं मला लहानपणी वाटायचं. पण एकदा मी मध्ये बोललो आणि त्यांचा अभंग चुकला, तेव्हा ते “अरे, सरी चुकली” म्हणून ओरडले.

कामाच्या वेळी कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला माणूस दिसला की आबांच्या मस्तकाची शीर उठे. मग तो जावई असो की तलाठी. तलाठ्याला त्यांनी एकदा “असं उभं राहायचं तर विटेवर राहावं, माझ्या बांधावर नको” असं ऐकवलं होतं. ती सवलत त्यांच्या लेखी जगात एकालाच होती. आमच्याकडे सोमवारी औत धरत नाहीत, तो बैलांच्या सुट्टीचा वार. माणसांचा वार कोणता, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

वारीचंही तसंच. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते, म्हणजे आळंदी ते पंढरपूर या जवळपास 250 किलोमीटरच्या वाटेत देवच दारावरून जायचा. आबा बाजरीची पेरणी उरकून फलटणातून सामील होत. पंढरपुरात चंद्रभागेची अंघोळ, नामदेव पायरीला डोकं, रस्त्यातूनच कळसाचं दर्शन, की निघाले परत. दर्शनाच्या रांगेत कधी लागले नाहीत. कळस दिसला की दर्शन पोचलं, हे वारकऱ्यांत मान्यच आहे, पण आबांचं कारण वेगळं होतं. रांगेत माणूस नुसता उभा असतो. विठोबाला त्यांनी जवळून किती वेळा पाहिलं, असं आजीला विचारलं की ती एक बोट वर करी. लग्नाच्या वर्षी, तेही तिच्या हट्टापायी.

पालखीबरोबरची एक दिंडी दरवर्षी आमच्याकडे जेवायला असे. पिठलं, भाकरी, ठेचा, वर गूळ-शेंगदाणे, कशात हात आखडता नाही. मात्र जेवण झालं की पानसुपारीऐवजी परात पुढे येई, पेरणीच्या शेंगा फोडायला. तोंडाने अभंग चालू असताना हात रिकामे का ठेवायचे, असा आबांचा सरळ सवाल. टाळकरी आणि मृदंगवाला यांना सूट होती. आमच्याकडे वर्षागणिक टाळकरी वाढत गेले, त्यामागे भक्ती किती आणि शेंगा किती, हे पांडुरंगच जाणे.

आबांनी माळ घातली तिशीत. त्याआधी ते मटणाचे दर्दी होते, असं गावातले म्हातारे सांगत. जत्रेला घरातली बाकीची मंडळी गोठ्यापाशी तीन दगडांची चूल मांडून, वेगळ्या पातेल्यात रस्सा करत. आबा तिकडे पाठ करून ओट्यावर ज्ञानेश्वरी उघडून बसत. थोड्या वेळाने पान न उलटता म्हणत, “मीठ कमी पडलंय.” नाना चमच्याने चाखत. कमीच असे.

शेजाऱ्यांशी हातभर बांधावरून दावा होता. तारखेला दोघे फलटणला एकाच एसटीने जात. माळेमुळे शिवी देता येत नसे, म्हणून आबा मला मध्ये घेऊन बोलत. “त्या महाराजांना सांग, तिकिटाचे सुटे त्यांच्याकडेच राहिलेत.” महाराज शेजारच्याच बाकावर असत.

आबा गेले दशमीला. भेटायला आलेलं कुणी हळहळलं की एक दिवस दम काढला असता तर एकादशी साधली असती. आजी म्हणाली, “एकादशीला आमची पाण्याची पाळी होती.”

पाळी सुतक पाळत नाही. एकादशीच्या रात्री नाना खोरं घेऊन निघाले, मी बॅटरी घेऊन मागे. नानांकडे घड्याळ होतं, पण एका सरीला मिनिटं किती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा त्यांनीही हरिपाठ धरला. दोन सऱ्या बऱ्या गेल्या. सातव्या अभंगाला अडले. मी मोबाइल काढला, तर रानात रेंज नाही. नाना आठवत राहिले, कमरेवर हात ठेवून. तेवढ्यात सरी भरून फुटली आणि पाणी भांडणातला बांध ओलांडून पलीकडे गेलं.

पलीकडच्या अंधारात कुणीतरी खाकरलं.

“नाना, सातवा र्‍हाऊ दे. दार नवव्याला फिरवायचं असतंय, अन् नववा कवाच झाला. चाळीस वर्षं ऐकतोय मी.”