कुठेही न ठोकलेल्या गाडीविषयी

प्रिय एजंटसाहेब,

सा. न. वि. वि.

गाडी पाहिली. ‘डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर, मूळच्या पत्र्याला ओरखडा नाही’ हे आपलं म्हणणं शब्दशः पटलं. ओरखडा पडायला मूळचा पत्रा जागेवर हवा ना!

गाडी 2016ची, बाकी काचांवरही तीच खूण, फक्त पुढची काच 2021ची. दगड लागला असेल, म्हणालात. मान्य. पण त्याच दगडाने डावा हेडलाइट बदलला, बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडला आणि बॉनेट-फेंडरमधली फट एकीकडे बोटभर, दुसरीकडे नखाएवढी करून ठेवली? मोठा हरहुन्नरी दगड.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं तेव्हा आपण दुखावलात. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. डाव्या दारावर आकडा 900च्या पुढे गेला. एवढ्या पुट्टीत आमच्या मोरीची एक भिंत निघाली असती. असो, दार बदलता येतं. बंपर-फेंडरचं तर मी मनावरही घेत नाही, पुण्याच्या पार्किंगमध्ये तेवढं चालायचंच. पण दाराचं रबर ओढल्यावर पिलरवर कारखान्याच्या स्पॉट वेल्डची सरळ रांग दिसायला हवी. तिथे हाताने मारलेलं वेल्डिंग निघालं, आणि आपण घाईने चहा मागवलात.

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. आपला लागलाच नाही. ‘बिघाडच नाही, मग दिवा कशाला लागेल?’ वा! काही कारागीर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. मग एअरबॅग नसली तरी दिवा आज्ञाधारकपणे लागतो नि विझतो. तेवढी तरी मेहनत घ्यायची होती.

‘वाहन’ पोर्टलवर मालक एकच, हे खरं. अपघात मात्र तिथे दिसत नाही. तो दिसला आपण विश्वासाने दिलेल्या पॉलिसींच्या फायलीत: 2021पर्यंत 50 टक्क्यांवर चढलेला नो क्लेम बोनस पुढल्याच वर्षी शून्य!

तरी डॉक्टरांकडून त्या क्लेमचे कागद आणि दुरुस्तीचं बिल आणून द्यावं, आणि गाडी आमच्या मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवू द्यावी. टोकन तोवर माझ्याच खिशात. डॉक्टर सापडत नसतील, तर निदान ते कशाचे डॉक्टर, एवढं तरी कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चहा पिऊन गेलेलं गिऱ्हाईक